तीन गुण, एकदाच

तंजावूरमधल्या एका कॉलेजच्या परीक्षा विभागात मी सव्वीस वर्षे काम करतो आहे. हुद्दा डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर. नातेवाइकांत कोणी विचारले तर मी सांगतो, गुणांची वही सांभाळतो. ही वही माझ्या टेबलावर मात्र नसते. गावाबाहेर साडेनऊ किलोमीटरवर संस्थेची दुसरी इमारत आहे, तिथे एका थंड खोलीतल्या सर्व्हरवर ती असते. मी माझ्या खुर्चीतून हुकूम लिहून पाठवतो, अमक्या विद्यार्थ्याचे गुण इतके कर. तिकडून उत्तर येते, केले, एक ओळ बदलली. ज्या सॉफ्टवेअरमधून हे चालते त्यात वर हुकूम लिहायचा आणि खाली उत्तर वाचायचे.

मधली जोडणी तुटते. रस्ता खणताना केबल तुटते, वीज जाते, यूपीएस बसतो, कधी कारणच सापडत नाही. हुकूम पाठवण्याआधी तुटली तर काही बिघडत नाही. उत्तर वाचून झाल्यावर तुटली तरी नाही. पण हुकूम गेला आणि उत्तर येण्याच्या आत तुटली, तर मला काहीच माहीत नसते. हुकूम पोचलाच नाही? की पोचला, काम झाले, आणि फक्त उत्तर वाटेत हरवले? दोन्ही वेळा पडद्यावर एकच चौकट येते: कनेक्शन तुटले, पुन्हा जोडायचे का? खाली एक बटण. ते दाबले की जोडणी होते, आणि तोच हुकूम पुन्हा पाठवायचा मोह होतो.

याची मी नोंद ठेवतो. अकरा वर्षांत जोडणी ४१७ वेळा तुटली. त्यातल्या नऊ वेळा ती नेमकी त्या मधल्या जागी तुटली. आठवी आणि नववी वेळ याच वर्षीची. ही नोंद ज्या दिवसामुळे सुरू केली तो दिवस या नऊंत नाही. तोही सांगायचा आहे, पण त्याच्या आधी घरच्या टेलिफोनचे सांगायला हवे.

आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीत राहतो. तिथे आमची मराठी घरे आता थोडी उरली आहेत. अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवत. मी पाचवीत असताना घरी टेलिफोन आला आणि दोन वर्षांनी अक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे, लग्न ठरले. कार्यालय कुंभकोणमचे, आचारीही तिकडचाच. तीनशे पाने सांगून झाली होती. लग्नाला चार दिवस उरले असताना अप्पांनी यादी पुन्हा मोजली, तर पन्नास माणसे जास्त निघाली. त्यांनी ट्रंक कॉल लावला. लाइन मिळायला दीड तास गेला. मिळाल्यावर ते तमिळमध्ये ओरडून म्हणाले, "आणखी पन्नास पानं वाढवा!" आणि लाइन तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तासभर गेला. "आणखी पन्नास पानं वाढवा!" पलीकडून आवाज आला, "सरि, सार. बरं, वाढवतो."

लग्नात चारशे पानांचा स्वयंपाक झाला. पन्नास पानांचे सांबार, भात, पायसम उरले. आचारी म्हणाला, तुम्ही दोनदा सांगितलेत, मी दोनदा वाढवले. त्याचे काही चुकले नव्हते. दोन दिवस आमच्या गल्लीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही. आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "गणिताचा मास्तर आहे हो आमचा भाऊ. पोरांस बेरीज शिकवतो."

अप्पा आचाऱ्यावर रागावले नाहीत, आत्यावरही नाही. लग्नाची पांगापांग झाल्यावर त्यांनी एक पुठ्ठा घेतला आणि त्यावर घरासाठी नियम लिहिला. वर मराठी, देवनागरीत. आमच्यातल्या पुष्कळांप्रमाणे आईलाही मराठी बोलता येई पण देवनागरी वाचता येत नसे, म्हणून खाली तेच मराठी तमिळ लिपीत. फोन तुटला तर ज्याने केला त्यानेच पुन्हा करावा; दुसऱ्याने खाली ठेवून गप्प बसावे, नाहीतर दोघांनाही एकमेकांचे फोन गुंतलेले मिळतात. जोडल्याबरोबर आधी विचारावे, शेवटचे काय ऐकू आले? आपण काय बोललो ते आपल्याला माहीत असते, त्याचा उपयोग नाही. आणि 'आणखी' म्हणू नये, एकूण सांगावे. साडेतीनशे म्हटले असते तर दोनदा काय, दहादा सांगूनही साडेतीनशेच राहिले असते.

तो पुठ्ठा टेलिफोनच्या वर कितीतरी वर्षे होता. मी देवनागरी अक्षरे बरीचशी त्याच्यावरच गिरवली. घरात येणारे हसत. अप्पा हसू देत.

आता त्या दिवसाचे.

अकरा वर्षांपूर्वी एका पेपरात एक प्रश्न चुकीचा छापला गेला आणि कॉलेजने ठरवले की पेपराला बसलेल्या सर्वांना तीन गुण द्यायचे. मी एकेका विभागाला हुकूम देत होतो, या विभागाच्या गुणांत तीन मिळव. एका विभागाचे एकसष्ट विद्यार्थी होते. त्यांचा हुकूम पाठवला आणि जोडणी तुटली. चौकट आली. मी बटण दाबले, जोडणी झाली, तोच हुकूम पुन्हा पाठवला. उत्तर आले, एकसष्ट ओळी बदलल्या. मी पुढच्या विभागाकडे वळलो.

अप्पांचा पुठ्ठा मला लहानपणापासून पाठ होता. तो टेलिफोनचा आहे, असे मला वाटत होते.

निकाल लागून पाच दिवस झाल्यावर मी बेरजा ताडून पाहत होतो. त्या एका विभागाची बेरीज १८३ ने जास्त आली. एकसष्ट त्रिक एकशे त्र्याऐंशी. दुसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती, तरी मोजली. एकसष्ट जणांना सहा-सहा गुण मिळाले होते, आणि त्यातले सात जण त्या जादा तीन गुणांमुळे पास झालेले दिसत होते.

मी तसाच उठून प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि दार लावले.

"हे कोणाकोणाला कळलंय?"

"मला कळलंय, सार."

त्यांनी सुधारित निकालाचा कागद मागवला. मी त्यांना एक पत्रही दिले. माझ्या हातून कोणाही विद्यार्थ्याचे गुण पुन्हा कधी दोनदा बदलून तसेच बाहेर गेले, तर मी परीक्षा विभाग सोडीन, चौकशीची वाट पाहणार नाही. प्राचार्य म्हणाले, असल्या पत्राची काही गरज नाही. मी म्हटले, तुम्हाला नसेल, फायलीत राहू द्या. एक प्रत माझ्या कपाटात ठेवली.

सातांपैकी सहा जणांना कॉलेजात बोलावून सांगता आले. सातवी मुलगी कालव्याकाठच्या एका गावातली. निकाल घेऊन ती घरी गेली होती. तिच्या शेजारच्या दुकानाचा नंबर आमच्याकडे होता. संध्याकाळी घरी आल्यावर मी फोनकडे हात नेला तर अप्पा म्हणाले, "तिजला फोनवर सांगू नको."

"का?"

"मध्येच कापला तर? अर्धंच पोचलं तर? शेवटचं काय ऐकलं, हे तू तिजला त्या घडीस कसं विचारणार?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गावची बस धरली. शेवटचे तीन किलोमीटर कालव्याच्या बांधावरून चालत गेलो. शेतांत लावणी चालली होती. तिचे घर विचारले तर बाया हसून म्हणाल्या, पास झालेली पोरगी ना, त्या तिकडे. तिच्या आईने मला ताकाचा पेला आणून दिला आणि पास झाल्याचे वाटून उरलेला एक लाडूही ताटलीत ठेवला. कॉलेजातून माणूस आला म्हणजे बक्षीसच असणार, असे त्यांना वाटले.

मी पेला खाली ठेवून सांगितले. तिचे मूळ गुण छत्तीस. तीन मिळून एकोणचाळीस. पास व्हायला चाळीस लागतात. बेचाळीस दिसले ते माझ्या चुकीने. चूक कॉलेजची नाही, मशीनची नाही, मी एक बटण न विचारता दाबले.

मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"म्हणजे एक गुण कमी?"

"एक."

"तीन खरे, आणि वरचे तीन खोटे."

"हो."

ती आत गेली. आईने लाडवाची ताटली उचलली, मग काय वाटले कोणास ठाऊक, परत माझ्यासमोर ठेवली. थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली. डोळे धुतलेले होते. तिने विचारले, "पेपर परत कधी आहे, सार?"

सहा महिन्यांनी ती पुन्हा बसली. सत्तावन्न गुण मिळाले. ते सत्तावन्न मी तीनदा तपासले. त्यांत माझे काही नव्हते, सगळे तिचे होते, तरी त्या दिवशी घरी जाताना मी स्कूटर हळू चालवली. एखाद्या आकड्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

त्या सहा महिन्यांत मी माझी कामाची रीत बदलली. गुण बदलण्याआधी मूळ गुणांची प्रत वेगळी काढून ठेवायची. सगळ्या गुणांची बेरीज कागदावर पेनाने लिहायची. बदलाच्या हुकुमासोबत सर्व्हरवरच एक नोंद लिहायची, हे काम झाले, अमुक वाजता. ती नोंद आणि तो बदल एकाच गाठीत बांधलेले, म्हणजे झाले तर दोन्ही होतात, नाहीतर एकही नाही. जोडणी तुटली की परत जोडून आधी नोंद पाहायची. नोंद असली तर काम झालेले आहे. नसली तर झालेले नाही, खुशाल पुन्हा पाठवा. शेवटचे काय ऐकू आले, हे सर्व्हरला विचारायची ही पद्धत. आणि हुकुमात 'तीन मिळव' कधी लिहायचे नाही. 'मूळ गुण अधिक तीन, एकूण इतके' असे लिहायचे. एवढेच. यातले एकही अक्षर माझ्या डोक्यातले नाही. पुठ्ठ्यावरचे आहे.

घरी यावरून बोलणी खावी लागतात. बायको म्हणते, "इडल्या वाढल्या की मोजतात, उचलल्या की मोजतात. मध्ये कोण खाऊन जाईल, सर्व्हर?"

यंदा संस्थेने निकालासाठी नवे सॉफ्टवेअर विकत घेतले. त्यात गुण वाढवण्याचा हुकूम आधीच बनवून ठेवलेला होता. आपण फक्त पेपर निवडायचा, किती गुण ते लिहायचे आणि बटण दाबायचे. आत काय लिहिले आहे ते मी मागवून वाचले. 'मिळव' असेच लिहिलेले होते. मी कंपनीच्या इंजिनिअर बाईंना चेन्नईला फोन केला. त्या हुशार होत्या, बोलायला गोड होत्या. हुकूम बदलता येणार नाही, म्हणाल्या, सगळ्या कॉलेजांना एकच असतो.

"बरं. मध्येच जोडणी तुटली तर?"

"त्याची काळजीच नको, सार. आमचं सॉफ्टवेअर स्वतःच पुन्हा जोडतं आणि राहिलेलं काम पुरं करतं. तुम्हाला कळणारही नाही."

"मला कळणार नाही, तेच मला नको आहे, अम्मा."

त्या हसल्या. मी विनोद केला, असे त्यांना वाटले असावे. मी पत्र लिहिले, हुकुमाबरोबर एक नोंद लिहिली जावी. उत्तर आले नाही. दुसरे लिहिले. तिसऱ्या पत्राची प्रत परीक्षा नियंत्रक म्याडमना दिली, तेव्हा त्या एका ओळीची सोय झाली. हुकूम जितक्या वेळा चालेल तितक्या वेळा एक नोंद. आपोआप जोडणे बंद करून द्या म्हटले, ते काही झाले नाही. म्याडम म्हणाल्या, "सार, पैसे देऊन सोय घ्यायची आणि ती बंद करून ठेवायची?"

या म्याडम गणित शिकवतात, घड्याळ पाच मिनिटे पुढे लावतात आणि उशीर करणाऱ्याला उभे ठेवतात. मला त्या आवडतात.

निकालाचा दिवस आला. गणिताच्या पेपरातला सतरावा प्रश्न चुकीचा निघाला होता. पेपरासाठी नावे १,८६९, गैरहजर तेवीस, बसलेले १,८४६. त्या १,८४६ जणांना तीन-तीन गुण द्यायचे आणि चार वाजता निकाल लावायचा. फाटकाशी मुले आणि पालक दोन वाजल्यापासून उभे होते, जसे काही निकाल फोनवर न येता भिंतीवरच लागणार होता.

मी मूळ गुणांची प्रत काढली. बेरीज कागदावर लिहिली, १,०२,९४७. त्याखाली १,८४६ गुणिले तीन, ५,५३८. त्याखाली यायला हवी ती बेरीज, १,०८,४८५. म्याडम माझ्या मागे उभ्या राहून पाहत होत्या. "एवढं मशीन असताना पेन," म्हणाल्या. तीन वाजून दहा मिनिटांनी मी बटण दाबले.

पंखा मंदावला. दिवे गेले, जनरेटर धडधडला, दिवे आले. पडदा काही सेकंद करडा झाला आणि मग हिरवा. "१,८४६ ओळी बदलल्या. काम पूर्ण."

"झालं," म्याडम म्हणाल्या. "लावा निकाल. आज तरी वेळेच्या आधी."

"पाच मिनिटं द्या, म्याडम."

"कशाला? हिरवं दिसतंय की."

"हिरवं मलाही दिसतंय. त्यानं शेवटचं काय ऐकलं ते विचारतो."

"कोणी?"

"सर्व्हरनं."

म्याडमनी दाराशी बसणाऱ्या शिपाई बाईंना हाक मारली. "सारांना कॉफी आणा. ते मशीनशी बोलायला लागलेत."

मी नोंदी उघडल्या. एक असायला हवी होती. दोन होत्या. दोन्हींत अकरा सेकंदांचे अंतर.

बेरीज काढली. १,१४,०२३. वरची बेरीज वजा केली तर ११,०७६ जादा, म्हणजे ५,५३८ दोनदा. पहिला हुकूम पोचला होता, काम झाले होते, वीज गेली तेव्हा फक्त उत्तर हरवले. सॉफ्टवेअरने जोडणी करून तोच हुकूम पुन्हा चालवला आणि शेवटचे उत्तर तेवढे हिरव्या रंगात मला दाखवले. अकरा वर्षांपूर्वी मी केले होते तेच, फक्त जास्त जलद, आणि मला न सांगता. तेव्हा एकसष्ट होते. आता एक हजार आठशे शेहेचाळीस.

म्याडमचा विश्वास बसेना. "दोन नोंदी चुकून आल्या असतील."

"पहिला नंबर पाहा, म्याडम. मूळ गुण किती?"

त्यांनी माझ्या प्रतीतून पाहिले. "चौऱ्याण्णव."

"आता किती दिसतात?"

त्यांनी चष्मा सारखा केला. "शंभर." मग म्हणाल्या, "माझ्या पेपरात शंभर? बावीस वर्षांत कोणाला पडले नाहीत." आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. बाहेरून कोणाला आत सोडू नका, असे त्यांनी शिपाई बाईंना सांगितले.

तीन वाजून तेवीस मिनिटे झाली होती. मी म्याडमना कपाटातल्या पत्राचे सांगितले. सांगायची ती वेळ नव्हती. पण चार वाजता हे असेच बाहेर गेले असते तर उद्या मी या खुर्चीत नसतो, आणि आणखी कितीतरी घरांत ताटलीत लाडू ठेवलेले असते, हे कोणाला तरी माहीत असावेसे वाटले. त्यांनी माझी कॉफी माझ्याकडे सरकवली.

मी चेन्नईला फोन लावला. इंजिनिअर बाई म्हणाल्या, असे होऊच शकत नाही. मी सांगू लागलो, "तुमच्याच नोंदीत दोन ओळी आहेत, पहिली तीन दहा..." आणि फोन तुटला. लगेच लावला तर गुंतलेला, कारण त्याही लावत होत्या. दोनदा तसेच झाले. मग मी त्यांना निरोप टाइप केला, तुम्ही थांबा, मी करतो. फोन मी केला होता.

लागल्यावर विचारले, "शेवटचं काय ऐकू आलं, अम्मा?"

"दोन ओळी आहेत, एवढं."

"मग तिथून सांगतो." वेळा सांगितल्या, बेरजा सांगितल्या. पलीकडे कळफलकाचा आवाज येत होता. तो थांबला.

"खरं आहे, सार," त्या म्हणाल्या. आवाजातला गोडवा गेला होता, पण आता मला त्या जास्त विश्वासाच्या वाटल्या. "मी लगेच तीन वजा करायचा हुकूम पाठवते."

"वजा नको. वजा करताना तुटली तर? तुमचं सॉफ्टवेअर पुन्हा वजा करील."

"मग?"

"एकूण पाठवा. मूळ गुणांची प्रत माझ्याकडे आहे. मूळ अधिक तीन. आताच्या आकड्याला हातच लावायचा नाही, त्याच्या जागी नवा लिहायचा."

हुकूम आम्ही दोघांनी मिळून लिहिला, मी वाचायचा, त्यांनी वाचायचा, म्याडमनी मागून वाचायचा. गैरहजर तेवीस जण त्यात येत नाहीत ना, ते पाहिले. दुपारचे चार वाजून दोन मिनिटे झाली तेव्हा मी बटण दाबले. फाटकाशी गलका वाढला होता.

आणि जोडणी तुटली.

म्याडम उभ्याच राहिल्या. "अय्यो, सार!"

"तुटू द्या," मी म्हणालो. "आता कितीही वेळा चालला तरी तेवढेच होणार."

त्या क्षणी मला जे वाटले त्याला अभिमान हाच शब्द आहे. सव्वीस वर्षांत जोडणी तुटली आणि मी खुर्चीत टेकून बसलो, असे पहिल्यांदा झाले. पडदा हिरवा झाला. नोंदी पाहिल्या, या खेपेलाही दोन. बेरीज काढली. १,०८,४८५. पेनाने लिहिलेल्या आकड्याशी म्याडमनी स्वतः एकेक अंक बोट ठेवून ताडला. मग गठ्ठ्यातून वीस उत्तरपत्रिका काढायला लावल्या आणि त्यांवरचे मूळ गुण तोंडी वाचले. मी पडद्यावरचे वाचले. वीसच्या वीस जुळल्या. पहिल्या नंबराला सत्त्याण्णव.

"हां," म्याडम म्हणाल्या. "हा माझा पेपर."

चार वीसला निकाल लागला. वीस मिनिटे उशीर. म्याडमनी अहवालात कारण जसे घडले तसे लिहिले आणि कंपनीने आपोआप पुन्हा जोडणे दुसऱ्याच दिवशी बंद करून दिले. इंजिनिअर बाईंनी हुकुमातला 'मिळव'ही काढला, सगळ्याच कॉलेजांसाठी. तसे कळवणारे पत्र मी दोनदा वाचले. एवढ्या कॉलेजांच्या हुकुमात अप्पांचा पुठ्ठा गेला, आणि ते तिथे कोणालाच माहीत नाही.

म्याडमनी मला बोलावून विचारले, "ते जुनं पत्र फायलीतून काढून टाकू?"

"नको, म्याडम."

"अजून कशाला हवं?"

"ते आहे म्हणून मी पाच मिनिटं मागतो."

त्यांनी फाइल मिटली.

निकालाच्या संध्याकाळी मी घरी सगळे सांगितले. अप्पा आता सत्त्याऐंशीचे आहेत. कानाला यंत्र लावतात, ते मधूनच शिट्टी मारते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले, मग उलटतपासणी केली.

"तीनच दिलेस?"

"तीनच."

"सगळ्यांस?"

"एक हजार आठशे शेहेचाळीस."

"गैरहजर होते त्यांस?"

"तेवीस. त्यांना काही नाही."

"मग वीस मिनिटं कां लागली?"

बायको आतून म्हणाली, "मोजत होते."

शाबासकी द्यायची अप्पांची रीत नाही. त्यांनी मोबाइल मागितला आणि अक्काला लावून द्यायला सांगितले. अक्का आता बंगळूरला असते, तिला नातवंडे आहेत. मी लावून दिला आणि कपडे बदलायला आत गेलो. आतून त्यांचे मोठ्याने बोलणे ऐकू येत होते. तुझ्या लग्नाचं सांबार आठवतं ना, असे काहीसे, मग माझे नाव, मग तीन गुण. मग आवाज बंद झाला. फोन तुटला होता. आमच्या गल्लीत तुटतोच.

मी मदतीला बाहेर आलो तर त्यांनी हाताने मला थांबवले. त्यांनी स्वतः नंबर शोधला, चष्मा कपाळावर चढवून, आणि लावला. फोन त्यांनी केला होता. पलीकडे अक्काही गप्प बसून वाट पाहत असणार, कारण पहिल्याच खेपेला लागला.

"शेवटचं काय ऐकू आलं?" अप्पांनी विचारले.

अक्का काय म्हणाली ते मला कळले नाही.

"सहा नव्हे," अप्पा म्हणाले. "तीन. एकूण तीन." आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.